डायमध्ये अडकलेलं बोट

परळच्या मातीकामाच्या स्टुडिओत माझं बोट जाता जाता वाचलं, ते सांगितलं का तुम्हाला? तिथे भिंतीवर मातीच्या नळ्या काढायचं यंत्र आहे. दांडा खाली ओढला की आतला दट्ट्या माती दाबतो आणि तळाला नटाने बसवलेल्या डायच्या, म्हणजे लोखंडी चकतीच्या, भोकातून नळी बाहेर येते. शिकवणाऱ्या शुभाताईंनी दांडा वर धरला होता आणि मी खालून भोकातली सुकलेली माती काढत होते. तेवढ्यात बोटच अडकलं.

"ताई, दांडा सोडू नका."

"नाही सोडत. पण हात ओले आहेत गं, घसरतोय."

ताईंनी दांड्याखाली खांदा दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "डाव्या हाताने नट सोडव."

डाय बोटासकट सुटली. वळून बघते तर ताई जमिनीवर बसलेल्या.

"पाणी दे गं," म्हणाल्या, "मला उभं राहवत नाहीये."