एसएसडीला हळदकुंकू

आमच्या शेजारचे सोनवणे भाऊ माहीत आहेत ना, व्हिडिओ बघून सगळं स्वतःच करणारे? परवा त्यांनी बायकोच्या, सुनंदाताईंच्या, छोट्या लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवायला घेतली. म्हणजे जुन्या डिस्कच्या जागी माहिती साठवणारी एक बोटभर पट्टी. ती लावली की लॅपटॉप पळतो म्हणे. मी साखर मागायला गेले ती थांबलेच.

"दुकानात का नाही देत?"

"वहिनी, दुकानदाराला काय कळतंय!"

पट्टी बसवून बटण दाबलं, तर लॅपटॉप सुरूच होईना. सुनंदाताईंच्या वर्गाचे सगळे मार्क त्यात, आणि ते दुसऱ्या दिवशी शाळेत द्यायचे होते. त्या रडायच्या बेतात, आणि भाऊ घसरले माझ्यावर, "तुम्ही मागे उभ्या राहिलात ना!"

शेवटी आम्ही तिघं गंगापूर रोडच्या दुकानात गेलो. "माल डुप्लिकेट दिलात!" भाऊ तिथेही ओरडले.

दुकानदाराने पट्टी काढून पाहिली. "साहेब, पिनांवर हे लाल-पिवळं काय?"

"नवी वस्तू आहे. हळदकुंकू नको लावायला?"

त्याने पट्टी नीट पुसली, परत बसवली, जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यावर घेतलं. लॅपटॉप चुटकीसरशी सुरू झाला, मार्कांसकट.

भाऊ ऐटीत माझ्याकडे वळले. "बघा वहिनी, कसा पळतोय! पूजा केल्याचा गुण."

सुनंदाताई म्हणाल्या, "पूजा पुसल्याचा."