दोनशे बारा कुलपं

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या संस्थेचे संचालक साहेब. व्यासपीठावर बसलेल्या प्रशासनाच्या प्रमुख बाई. आजच्या सत्कारमूर्ती, फील्ड विभागाच्या पर्यवेक्षक, आपल्या सगळ्यांच्या ताई. पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान. दारोदार फिरून आज पाय मोकळे करून बसलेले सगळे मुलाखतकार, आणि सांख्यिकी विभागातल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मला सात मिनिटं दिली आहेत. समोरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे, ते मी धरलंय. नीट मांडल्याशिवाय मला बोलता येत नाही, म्हणून आधी काय घडलं ते क्रमाने सांगते.

१. गेल्या तिमाहीत गॅसच्या शेगड्या बनवणाऱ्या एका कंपनीने आपल्याला प्रश्न दिला: सिंगल बर्नरची शेगडी चालू ठेवावी की बंद करावी?

२. सहाशे घरांची पाहणी ठरली. पद्धत मी आखली.

३. बंद दाराला वेगवेगळ्या वेळी तीन खेपा घालायच्या, असा आपल्याकडे नियम आहे. तो मी या पाहणीपुरता काढला. दार बंद दिसलं की शेजारचं घर घ्या, असं लिहून दिलं.

४. काम आठ दिवस आधी संपलं.

५. अहवालात निघालं की शंभरातल्या चार घरांना ही शेगडी हवी आहे. शिफारस: बंद करावी. खाली माझी सही आहे.

६. त्या सहाशेपैकी दोनशे बारा घरं आपण निवडलेलीच नव्हती. ती कुलपांच्या शेजारची घरं होती.

७. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी कंपनीची बैठक आहे. बैठकीनंतर या शेगडीचे साचे मोडीत निघतील.

आठवा मुद्दा शेवटी सांगते.

मागच्या रांगेत कुणीतरी विचारलं, "निरोप ताईंचा आहे ना?" ऐकू आलं मला. ताईंचाच आहे. यातला एकही मुद्दा ताईंना वगळून सांगता येत नाही, तिथे माझा काय इलाज?

आधीच्या वक्त्यांनी ताईंच्या मनमिळाऊपणाबद्दल सांगितलं. मला मनमिळाऊपणा मोजता येत नाही, म्हणून मोजता येतं ते सांगते. ताई बेल वाजवून दोन पावलं मागे सरकतात. दाराच्या भिंगातून बघणाऱ्याला त्यांचे दोन्ही हात दिसायला हवेत म्हणून. मग मनात वीसपर्यंत आकडे म्हणतात. वीसच्या आत दुसरी बेल नाही. माणूस बसल्याशिवाय पेन बाहेर काढत नाहीत. आणि पहिला प्रश्न कधीही छापलेला नसतो. पहिला प्रश्न असतो, "आत्ता वेळ आहे का?" समोरचा 'नाही' म्हणाला की दुसरा प्रश्न, "मग कधी असेल?"

मी इथे लागले तेव्हा विश्लेषण करणाऱ्यांनीही एक दिवस फील्डवर जायचं, असा दंडक होता. दुपारी एका जिन्यात बसून ताईंनी माझे फॉर्म मागितले.

"किती झाली?"

"सहा घरं, ताई. अकरा ठिकाणी प्रतिसाद नाही."

"अकरा? काय, हाकलून दिलं की काय?"

"नाही, कुलूप होतं."

"मग कुलूप होतं असं लिही ना. माणूस कामाला गेलाय, त्याचा कसला राग धरतेस?"

मी खोडून 'कुलूप' लिहिलं. त्या वेळी मला हा अक्षरांचा हट्ट वाटला. माझ्या तक्त्यात दोन्हींचा कोड एकच होता.

प्रशासनाच्या बाई चिठ्ठी पुढे सरकवताहेत. 'आवरा' असंच असणार. अजून चार मिनिटं आहेत, बाई.

तर या पाहणीचा फॉर्म मी तयार केला. आपल्या जुन्या फॉर्मच्या तळाशी तीन चौकोन असायचे: पहिली खेप, दुसरी खेप, तिसरी खेप. तारीख, वेळ, काय दिसलं. मी ते काढून टाकले. फॉर्म छापून गेले त्या सकाळी ताईंचा फोन आला.

"अगं, छपाईत खालचा भाग कापला गेलाय का? तीन चौकोन कुठायत?"

"ते मीच काढले, ताई."

"आणि कुलूप असलं तर?"

"शेजारचं घर घ्यायचं."

"शेजारी वेगळी माणसं राहतात, बाई."

"नंतर वय आणि वस्ती बघून आकडे जुळवून घेते ना मी. संगणक भरून काढतो."

"बरं," ताई म्हणाल्या. "संगणकाला माझा नमस्कार सांग." आणि फोन ठेवला.

इथे हसलात ते ठीक आहे. मीही हसले होते.

आता यात चुकलं काय, ते सरळ सांगते. आपले मुलाखतकार दहा ते पाच फिरतात. दहा ते पाच दार कोण उघडतं? ज्या घरात दिवसभर कुणीतरी असतं ते. अशा घरात माणसं जास्त, पातेली मोठी, एका बर्नरवर त्यांचं भागत नाही. जो एकटा राहतो, पाळीवर जातो, डबा स्वतःच करून कुलूप लावून निघतो, त्याला आपण विचारलंच नाही. वयाप्रमाणे आकडे जुळवून उपयोग काय? घरात असलेली तिशीची बाई आणि कुलूप लावून गेलेली तिशीची बाई, दोघींचं वय एक, पातेली वेगळी. सिंगल बर्नर कोणाला हवा हे विचारायला आपण निघालो, आणि ज्यांना तो हवा असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, नेमकी तीच दारं सोडून शेजारी गेलो. ही चूक कुठल्याही मुलाखतकाराची नाही. त्यांनी लेखी सूचना पाळली.

हे मला कळलं सोमवारी. ताईंनी त्यांचं कपाट माझ्या ताब्यात दिलं. बावीस पेनं, त्यातली चालणारी नऊ. घडीची एक छत्री. पायाला चोळायच्या मलमाची दाबून दाबून चपटी झालेली ट्यूब. आणि निळ्या पुठ्ठ्याची एक वही. वहीत कुलूप निघालेल्या दोनशे बारा घरांचे पत्ते होते. मुलाखतकारांकडून रोज संध्याकाळी ताईंनी ते उतरवून घेतले होते, कुणी सांगितलेलं नसताना. त्यातल्या अठ्ठावन्न दारांवर त्या स्वतः परत गेल्या. कामाची वेळ संपल्यावर आणि रविवारी. त्यातल्या दोन नोंदी तुम्हाला वाचून दाखवते.

"दार आतून बंद. समोरचे म्हणतात रात्रपाळी असते, चारला उठतो. चारला परत. उठला होता. सिंगल बर्नर, त्यावर अंडी. मलाही विचारलं."

दुसरी. "कुलूप. संध्याकाळी सात, कुलूप. रविवार सकाळ, उघडं. दोघी बहिणी, एक सकाळपाळी, एक दुपारपाळी. एका बर्नरवर दोघींचं दोन्ही वेळचं. म्हणाल्या, दुसरा बर्नर कशाला, आम्ही दोघी जाग्या एकत्र असतोच कधी?"

या फेऱ्यांना ताईंचे यजमान सोबत होते. ते विजेचे मीटर बघायचं काम करून निवृत्त झालेत. मी त्यांना विचारलं, तुम्हाला कंटाळा नाही आला? म्हणाले, "तीस वर्षं मी लोकांच्या दारात उभा राहिलो, कुणी पाणी विचारलं नाही. हिच्यामागे गेलो तर खुर्ची मिळते. कंटाळा कसला?"

अठ्ठावन्नपैकी एक्केचाळीस दारं उघडली. त्यातल्या सत्तावीस घरांत रोजचा स्वयंपाक सिंगल बर्नरवर होतो. सतरा दारं तिसऱ्या खेपेलाही बंदच होती.

वही मिटून मी ताईंना विचारलं, "हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं की," ताई म्हणाल्या. "फोनवर."

मी वही उचलली.

मी तशीच साहेबांच्या केबिनमध्ये गेले. कंपनीला दुरुस्तीचं पत्र पाठवायला हवं, म्हटलं. साहेबांनी विचारलं, "एक्केचाळीस घरं घेऊन सहाशे घरांवर बोलणार? लहान आकड्यावर विश्वास ठेवू नका, हे नवीन मुलांना तूच शिकवतेस ना?" साहेब, मुद्दा बरोबर होता, आणि मी परत आले. जिना उतरताना लक्षात आलं की एक्केचाळीस घरांनी मला काही सिद्ध करायचंच नव्हतं. दोनशे बारा घरं आपण गाठली नाहीत, हे सिद्ध करावं लागत नाही. ते आपल्याच कागदांत आहे. बुधवारी मी हे सांगायला परत गेले. तेव्हा साहेब म्हणाले, "आधी ताईंचा समारंभ नीट पार पडू दे. मग बघू."

साहेब, समारंभ आता जवळजवळ पार पडला आहे.

दार लावून घ्या कुणीतरी, चहावाले आत येताहेत. दोनच मिनिटं.

आज या सभागृहात बाहेरचं कुणी नाही, हे दाराशी उभं राहून मी तपासलं, तेव्हाच बोलायचं ठरवलं. आणि ताईंना विचारल्याशिवाय बोलत नाहीये. काल विचारलं, "तुमच्या निरोपात हे काढलं तर चालेल का?" ताई म्हणाल्या, "पुष्पगुच्छ हातात पडला की काढ. आधी काढलंस तर तोही राहायचा." पुष्पगुच्छ त्यांच्या मांडीवर आहे. मी बघितलं.

एक नोंद मी मघाशी वाचली नाही. तिसऱ्या खेपेलाही बंद राहिलेल्या सतरा दारांतली ती आहे. "कुलूप. कुलूप. कुलूप. चपला बाहेर नाहीत. खिडकीत एकच कप, उपडा घातलेला, कडेला टवका गेलेला. एकटं कुणीतरी. परत यायला हवं होतं."

वर पत्ता आहे. तो माझा आहे. कपही माझाच. तीनपैकी दोन संध्याकाळी आणि एका रविवारी मी याच इमारतीत वरच्या मजल्यावर बसून, हीच माहिती साफ करत होते.

आता, बाजार-संशोधनात काम करणाऱ्या माणसाला पाहणीत घेत नाहीत. तो नियम योग्य आहे, मला वगळावंच लागलं असतं. पण वगळायलाही आधी कुणीतरी भेटावं लागतं. सूचनेप्रमाणे माझ्याऐवजी शेजारचं घर घेतलं गेलं. तिथे आजोबांपासून नातवंडांपर्यंत सात माणसं आहेत. त्यामुळे माझ्या तक्त्यात माझ्या दाराआड सात माणसं राहतात आणि त्यांना चार बर्नरची शेगडी हवी आहे. मी तो तक्ता तीन वेळा तपासला होता. मला त्यात काही खटकलं नव्हतं. माझ्याकडे सिंगल बर्नर आहे. हा पुरावा म्हणून धरू नका, एका घराचा पुरावा होत नाही. तो पत्ता कोणाचा हे ताईंना माहीत होतं का, ते मी विचारलेलं नाही.

ताई, तुमच्याबद्दल चार चांगले शब्द बोलायला मला सांगितलं होतं. ते राहिले. तुमची वही मात्र मी परत देणार नाही. आणि फॉर्मच्या तळाचे ते तीन चौकोन काल परत घातले, छपाईला गेलेत. नऊ पेनं मुलाखतकारांमध्ये वाटली. छत्री तुमच्या पिशवीत ठेवली आहे.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, प्रशासनाच्या बाईंनी दुसरी चिठ्ठी पाठवली नाही, ताईंच्या यजमानांनी रविवार दिले, आणि तुम्ही चहा गार होत असतानाही बसून राहिलात. सगळ्यांचे आभार. निरोपाच्या प्रसंगाला शोभणार नाही असं बरंच बोलले असेन. स्वर चुकला असेल तर तो माझ्या खाती धरा आणि पोटात घाला. आकडा चुकला असेल तर मात्र माफ करू नका, मला आणून दाखवा.

आठवा मुद्दा. साहेब, दुरुस्तीच्या पत्राचा मसुदा आपल्या टेबलावर डाव्या हाताला, पाण्याच्या ग्लासाखाली आहे. एकच पान आहे. त्यात दोन गोष्टी मागितल्या आहेत: कंपनीने निर्णय तीन आठवडे पुढे ढकलावा, आणि ती दोनशे बारा दारं आपण तीन खेपांच्या नियमाने पुन्हा करावीत. सोमवारी मी आपल्या दाराशी आले, बुधवारी आले, आणि आजची ही माझी तिसरी खेप. तिसऱ्या खेपेनंतर काय करायचं ते नियमात लिहिलेलं आहे: जे घडलं ते नोंदवायचं आणि फॉर्म पुढे पाठवायचा. उत्तर 'नाही' असेल तर मी अहवालावरची माझी सही काढून घेईन, आणि तसं कंपनीला लेखी कळवावं लागेल. ते आपल्याला आधी माहीत असावं, म्हणून इथे सांगितलं.

आपलं उत्तर, हो किंवा नाही, येत्या मंगळवारी दुपारी चार वाजेपर्यंत मला लेखी मिळावं, ही विनंती.