टँकर कुणी सांगितला?

हाताखालची माणसं ऐकत न्हाईत म्हणायलास ना, मग आमच्या पेडगावच्या घराचं ऐक. अर्धा स्लॅब टाकून झाला अन् मिक्सरवाला ओरडला, "पाणी संपलं!"

ऊन डोक्यावर. स्लॅब मधेच थांबला तर तिथं जोड पडतो अन् घर जन्मभर गळतं. आमच्या गुत्तेदाराला, रमेशला म्हणलं, "टँकर कुठाय?"

"यायलाय की. रात्री ग्रुपवर टाकलं होतं मी, टँकर सांगून ठेवा म्हणून. सगळ्यांचे अंगठे आले."

"अरे, पण सांगितला कुणी?"

रमेशनं मिस्त्रीकडं बघितलं, मिस्त्रीनं मिक्सरवाल्याकडं, अन् मिक्सरवाल्यानं रिकाम्या टाकीकडं.

मग रमेश गल्लीत जाऊन बोंबलायला लागला, "कुणीतरी पाणी द्या रे!" माणसं दारात आली अन् नुसती बघत उभी राहिली. इकडं वर टाकलेला माल वाळायला लागला.

तेवढ्यात माझी बायको पुढं झाली. "काशीनाथभाऊ, तुमची मोटर चालू करा. शोभाबाई, तुमचा पाईप आणा. बबनराव, तुमी पाईपाचं तोंड टाकीत धरा, सोडू नका."

तिघंबी पळाले. टाकीत पाणी पडलं, मिक्सर फिरला, तवा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

रमेश घाम पुसत म्हणला, "वहिनी, मी एवढा बोंबललो, तर कुणी जागचं हाललं न्हाई!"

बायको म्हणली, "भाऊ, सगळ्या गावाला जेवणाचं आवतन देत असतात. काम नाव घेऊन सांगावं लागतं."