आलं गं, तुझ्याकडे निघालं

मी मूळची वाशीमकडची. गावात शाळा सातवीपर्यंत होती आणि मी तिथपर्यंतसुद्धा पोचले नाही, सहावीत माय आजारी पडली आणि शाळा सुटली ती सुटलीच. नवऱ्याचं विचारू नका, तो असून नसल्यासारखा. लेक मायकडं ठेवली आणि मी मुंबईला आले, घाटकोपरला एका दवाखान्यात आयाबाई म्हणून लागले. खोली मिळाली डोंगरावरच्या वस्तीत, काकीच्या घरावरचा माळा. काकी मालवणकडची, तिचे मालक मिलमध्ये होते, ते गेले, आता ती खाली एकटी आणि मी वर, बाहेरून लोखंडी शिडी आहे. एकट्या बाईला कोण खोली देतं सांगा. काकीनं दिली, ते मी विसरत नाही.

आमच्या दवाखान्यात एक्स-रेच्या मॅडम आहेत, भल्या बाई, त्यांनी माझ्या मोबाईलवर एक ॲप टाकून दिलं. वर आभाळात माणसं बसलेलं एक मोठं यान फिरतं म्हणे, ते आपल्या वरून जायचं असलं की मोबाईल वाजतो आणि कुठं बघायचं तो बाण दाखवतो, इंग्रजी वाचायचं कामच नाही. आमच्या डोक्यावरून तर विमानं सारखी उतरतात, पण ती लुकलुकतात, आवाज करतात. हे तसं नाही, एक चांदणी गपचूप सरळ चालत जावी तसं. आणि काय सांगू तुम्हाला, मला इथून दिसतं तेच तिकडं वाशीमला माझ्या लेकीला दिसतं. म्हणून दिवेलागणीला मी शिडीच्या वरच्या पायरीवर उभी राहून तिला फोन लावायची, आलं गं, आता माझ्या डोक्यावर आहे, बघ, तुझ्याकडे निघालं. ती तिकडून ओरडायची, दिसलं आई, दिसलं. आमची भेट म्हणजे एवढीच.

पण तेव्हा वस्तीत काय चाललं होतं ते ऐका. बिल्डर येणार, सर्व्हे होणार, ज्यानं माळा चढवलाय त्याचं वरचं तोडणार, अशी कुजबुज. त्यात कोणीतरी पुडी सोडून दिली की संध्याकाळी ड्रोन येतो आणि माळ्यांचे फोटो काढतो. झालं. त्या दिवसांत पश्चिमेला एक ठळक चांदणी उभी असायची, हलायची नाही, विझायची नाही, सगळी गल्ली तिच्याकडे बघून पत्र्यावर ताडपत्री ओढायची. मी काकीला म्हटलं, काकी, ड्रोन नाही, ही शुक्राची चांदणी आहे. काकी म्हणाली, माका शिकवू नको, शुक्र पहाटेक दिसता. आता खरं सांगते, आमच्या गावीही शुक्र पहाटेचाच, मॅडमनी सांगितलं तेव्हा मलाही पटलं नव्हतं. तो काही महिने संध्याकाळी असतो आणि काही महिने पहाटे, पण हे काकीला कोण सांगणार.

समोर दिनेश राहतो, वस्तीच्या कमिटीत आहे, त्यानं माझं फोनवरचं ऐकलं. काकीकडे गेला. म्हणे, तुझी भाडेकरीण शिडीवर उभी राहून हात करते आणि कुणाला तरी सांगते, आलं, डोक्यावर आहे, तिकडे निघालं. ड्रोनवाल्याला नाही तर कुणाला सांगते? काकी तशीच शिडी चढून वर आली, काय गो, कोणाक सांगतंस आलां आलां म्हणान? मी म्हटलं, लेकीला. ती म्हणाली, रोज रोज काय येता लेकीकडे? मला धड बोलताच येईना, घाबरले की माझं तसंच होतं. ती म्हणाली, महिना संपलो की खोली खाली कर. रात्रभर डोळा लागला नाही. जूनमध्ये लेकीला इकडच्या शाळेत घालायचं होतं, खोली गेली तर तिला आणू कुठं?

मग मोबाईल वाजेल त्या संध्याकाळी मी काकीला आणि दिनेशला वर बोलावलं. फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि मी गप्प बसले. एक विमान गेलं, दिनेश म्हणाला, हेच का ते? मग दुसरं गेलं. आणि मग आलं, शांतपणे, वर चढत. फोनमधून लेक ओरडली, आई, आज बोलत काहून नाही? तुझ्याकडून आलं बघ! काकीनं माझ्याकडे पाहिलं, वर पाहिलं. दिनेश म्हणाला, त्यात माणसं बसलीत ना? मग आपले माळे दिसत असतील त्यांना. काकी म्हणाली, दिसांदेत. रे दिनेश, तुझो माळो माझ्यापेक्षा उंच आसा, तू आधी झाक.

खोली राहिली. पण संशय काय असा जातो होय, दिनेश अजून मला ताई म्हणतो आणि वर पाहतो. आणि परवा काकी म्हणाली, पोरीक घेवन ये, सर्व्हेवाले इले तर भाडेकरीण म्हणू नको, तू माझी भाची म्हणान सांग. मी हो म्हटलं, पाया पडले. वर येऊन मग डोक्यात आलं, ही एवढं चांगलं काहून वागते? भाडेकरीण लिहिली तर उद्या खोलीवर हक्क सांगेल, भाची काय सांगणार, म्हणून तर नसेल? की खरंच जीव लावते? मला नाही कळत बाई. लेकीला छप्पर मिळालं, बास. काकीचं भलं होवो. मावशीचं म्हणायचं आता, बघा, चुकलेच.