रस्ता बंद करणारा माणूस

समारंभाचे अध्यक्ष, आमचे गावप्रमुख श्री. गेबहार्ड, व्यासपीठावर बसलेले खालच्या खोऱ्यातले पाहुणे, बँडमधले कलावंत, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आजपासून निवृत्त होणारे श्री. विन्झेंझ श्टेकहोल्झर, आणि माझ्या हिंटरलानकरांनो,

विन्झेंझला ‘श्री.’ म्हणताना माझी जीभ अडखळते. सगळं गाव त्याला अरेतुरे करतं, आणि हिवाळ्यात तर त्याहून वाईट बोलतं. डोंगरावरचा बर्फ कोसळेल अशी शंका येताच गावाचा एकुलता एक रस्ता बंद करणाऱ्याचं दुसरं काय होणार? आज सकाळपासून गावाच्या हिमस्खलन समितीचं ते काम माझ्याकडे आलंय. तेव्हा उद्यापासून शिव्या बुर्गीला द्या, माझी तयारी आहे.

त्या ईस्टरची गोष्ट कुणी विसरलंय का? हॉटेलं भरलेली, बाहेर लख्ख ऊन, आणि ह्याने रस्ता बंद केला. माझे वडील खानावळीच्या दारातून ओरडले, “विन्झेंझ, कुठाय रे तुझा बर्फ? वाट चुकला की काय?”

हा टोपी मागे सारून म्हणाला, “येणार असं मी म्हणालोच नाही. येणार नाही, असं छातीठोक सांगता येत नाही, म्हणून बंद केला.”

बर्फ आलाच नाही. वडील उन्हाळ्यापर्यंत त्याच्याशी धड बोलले नाहीत. पण मला विचाराल तर हिंमत तीच. बर्फ आला नाही, तरी दुसऱ्या दिवशी हा मान वर करून पाव आणायला गेला.

आता आजचं सांगते. दुपारी आम्ही दोघं रस्त्याच्या वरच्या उतारावर खड्डा खणायला गेलो. तळाशी साखरेसारखा सुटा, जुना बर्फ, आणि त्याच्यावर वाऱ्याने आणून थापलेली जाड लादी. बर्फाचा चौकोनी खांब कापून त्यावर फावडं ठेवलं आणि मी हलकेच थापटलं. अख्खी लादी टेबलाच्या खणासारखी बाहेर सरकली, म्हणजे वरचा उतार कधीही रस्त्यावर येऊ शकतो.

आम्ही दोघांनी ते पाहिलं. आणि हा मला म्हणतो कसा, “बुर्गी, जेवण झालं की मी निघतो. एकच तर गाडी आहे गं. सकाळी खाली खोऱ्यात नातीचा बाप्तिस्मा आहे, तिला मीच हातात धरायचंय.”

हसताय काय? ‘एकच तर गाडी’ म्हणणारे आणि ह्याने परत पाठवलेले निम्मे लोक ह्याच सभागृहात बसलेत. मला मात्र हसू आलं नाही. त्याची ही पहिलीच नात. तिच्यासाठी स्वतः कोरलेला पाळणा गाडीत बांधून ठेवलाय. मी फावडं खांद्यावर टाकून उतरायला लागले आणि त्याला वाटलं, पोरगी मानली.

मघाशी बँड वाजत होता तेव्हा मी बाहेर जाऊन आले. वारा वाढलाय. रस्त्यावर दांडी टाकून कुलूप लावलंय. विन्झेंझ, किल्ली माझ्या खिशात आहे आणि ती तुलाही मिळणार नाही. असा बघू नकोस माझ्याकडे, हे शिकवलंस तूच.

पाहुण्यांची झोपायची सोय आमच्याकडे आहे. अध्यक्षांचे, बँडचे आणि स्वयंपाकघरातल्या बायकांचे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. रस्त्याबद्दल मी कुणाची क्षमा मागणार नाही. फक्त एकीची मागते, त्याच्या नातीची, छोट्या अफ्राची. मोठी झाल्यावर तिने मला खुशाल जाब विचारावा. तेव्हा तिचे आजोबा तिच्या शेजारी बसलेले असावेत, एवढंच माझं म्हणणं आहे.