काकांनी गाडी भरून बघितली

एडवणच्या माझ्या काकांनी माझी पार जिरवली, ते ऐका. गुडघा गेल्याने त्यांना क्लच दाबवत नाही, म्हणून बाजाराला मासळी न्यायला मीच हट्टाने बोईसरात जुनी ऑटोमॅटिक गाडी शोधली. रिकामी चालवली तेव्हा गिअर कधी बदलतोय तेही कळत नव्हतं.

काका म्हणाले, "होडी आमी भरूनच बघतो."

काका चालवायला बसले, गाडीचा मालक त्यांच्या शेजारी. मागे मी, काकी, तिची शेजारीण आणि सुक्या बोंबलांच्या चार टोपल्या. पुलाच्या चढावर गाडीने तीन झटके दिले, इंजिन नुसतं ओरडलं आणि गाडी मागे सरकायला लागली. काकांनी हँडब्रेक ओढला.

मालक भडकला, "चाचा, इतना वजन कौन डालता है?"

काकी म्हणाली, "वजन कुठं हाय? ताजी मासळी नि बर्फ तर अजून घरीच हाय!"