एस्तेरचा तंग

—त्या अंगानं नका जाऊ, डाक्टर, त्या अंगानं नका! डाव्या बाजूला कुनी उभं ऱ्हायलं की मान वळवती न् धरती. काल आमच्या रोझीच्या बापाला धरलं ते असंच. दंड धरला तो सोडंचना — आन् हा मानूस वरडला का? न्हाई! "एस्तेर, सोड बाई, सोड," म्हनं. बाई! मला जल्मात कधी बाई म्हनला न्हाई. मला "अगं ए", न् घोडीला बाई. — व्हय, घरातच हाय की. खाटंवर पडलाय भिंतीकडं तोंड करून, दंडाला मिशनच्या नर्सबाईनं पट्टी बांधलीय. भाईर येतच न्हाई. "डाक्टर काय म्हंतील ते मला आइकवायचं न्हाई, तूच हुबी ऱ्हा," म्हनला. म्हनून मी हुबी हाय, न्हाईतर ह्या तबेल्यात मला पाय टाकू देतोय व्हय तो! घर माझं हाय, डाक्टर, पर तबेला तिचा हाय. — दोरी धरू? धरते की. — बोट? ते काय न्हाई, तव्याचा चटका. लई दिस झाले, काळं पडलंय, जाईल. तुमी घोडीकडं बघा.

नाव? एस्तेर. हसू नका. बायबलातल्या राणीचं नाव हाय. पाद्रीसाहेब बोलले बी, "शांतवन, जनावराला असलं नाव देत न्हाईत" — तर आमचा शांतवन म्हंतो कसा, "साहेब, तिच्याकडं एकदा बघा आन् मग दुसरं नाव सुचवा." काय सुचवनार ते! नगरच्या छावनीत पल्टनीतल्या घोड्यांचा लिलाव झाला तवा आनली तिला. लढाईत आता मोटारी पळत्यात म्हनं, घोडी काढून टाकली. त्याच साली आमची रोझी लगीन होऊन राहुरीकडं गेली. लेक गेली न् ही आली. मला वाटलं, आता घरात दोघंच, हा मानूस टांगा घिऊन टेसनावरनं आल्यावर चार शब्द बोलंल — बोलतो की, लई बोलतो, पर तबेल्यात. कोन गाडीतनं उतरलं, बेलापूरच्या रस्त्याला कुठं खड्डा पडला, समदं तिला सांगतो. मी चुलीपास्नं आइकते. तिला सांगून झालं की घरात येतो न् मला इचारतो, "भाकर झाली का?"

सांजच्या प्रार्थनेत पैलं नाव एस्तेरचं. मग रोझीचं, मग जावयाचं, मग पावसाचं, मग मंडळीतल्या आजाऱ्यांचं — आन् मग आमेन. मी डोळे मिटून वाट बघते न् आमेन येतं! नगरला गेला तर हिला घुंगरं आनली. मी म्हनलं, अवो, मला? तर म्हंतो, "तुला काय पायजे हुतं ते सांगायचं न्हाई का?" सांगायचं! हिनं सांगितलं हुतं व्हय, मला घुंगरं आना म्हनून?

— तोंड उघडताय? उघडा, बघा दात. दाढंला टोक आलं की गाल सोलवटतो न् मग जनावर चावतं म्हंता? — न्हाई ना? मला वाटलंच. हिचे दात कशाला दुखतील, हिला हरभरा भिजवून घालतो, मऊ. मला दाढदुखीनं रडायची पाळी आली तवा लवंग धर म्हनला फक्त. — लगामानं जीभ कापली न्हाई ना? बरं. — काय? आता डाक्टर, बायामानसाला असलं इचारता... व्हय, माजावर आल्ती मागं. पर तवा नुस्ती खिंकाळायची, चावली न्हाई. — लीद? लीद चांगली हाय. जंत काय दिसले न्हाईत. मीच काढते लीद, दुसरं कोन? राणीची लीद काढायला एक दासी लागती न्हवं.

— कुत्रं? कुत्रं चावलं का — म्हंजे पिसाळली का म्हनायचंय तुमाला? — आन् तसं असंल तर? — गोळी घालत्यात? म्हंजे आजच? — हितंच? — टेसनावरचे टांगेवाले बी तेच म्हंत हुते. परवा एका सवारीची बाही फाडली हिनं, कोटाची, तवापास्नं ह्याच्या टांग्यात कुनी बसंना. विका न्हाईतर मारा म्हंत्यात समदे. — कुत्रं तर हाय एक, डाक्टर. टेसनाच्या मागं फिरतंय, लाळ गाळत. हिला चावलं बी असंल. — मी बघितलं का? — तसं न्हाई. असंल, म्हनलं. — तुमी असं टक लावून नका बघू माझ्याकडं. — न्हाई. न्हाई बघितलं. पानी पिती ही, सकाळी बादली रिकामी केली. लाळ न्हाई गळत. हाक मारली की कान टवकारती — म्हंजे त्यानं मारली की. कुत्रं चावलेलं मी बघितलं न्हाई, तसंच ल्ह्या तुमी. मी वाईट हाय, पर एवढी न्हाई.

कवा चावती ते सांगू? सांगते की. माझ्यासारखं कुनी सांगनार न्हाई तुमाला. रोज दारात बसून बघते मी, हातात सूप आसतं, पर डोळे इकडंच. तो तिच्याकडं बघतो, मी दोघांकडं बघते. तोंडाला दान्याचा तोबरा बांधताना चावत न्हाई. खरारा करताना न्हाई — पर पोटाखाली हात गेला की कान पाडती, कातडं असं थरथर हलवती. आन् तंग, पोटाखालचा पट्टा, आवळायला घेतला की मग काय खरं न्हाई. पट्टा ओढला की धरलंच. तंग डाव्या अंगानंच आवळत्यात न्हवं, म्हनून डावी बाजू. — पैल्यांदी कवा? ईस्टर झाल्यावर, उन्हं तापायला लागली तवा. त्याच्या खांद्याला चावली. आन् खोटं कशाला बोलू डाक्टर, मला बरं वाटलं. लई बरं वाटलं! म्हनलं, आता कळंल ह्याला, गूळ चारून चारून काय मिळालं ते. घरात आला, सदरा काढला, मी हळद लावायला बसले. किती दिसांनी हा मानूस असा माझ्या हाताखाली गप बसला हुता. मी मुद्दाम सावकाश लावत हुते. तर म्हंतो काय — "तिला कायतरी दुखतंय गं." तिला! रगत ह्याच्या खांद्यातनं येतंय न् दुखतंय तिला! हळदीची वाटी मी तितंच आपटली.

— पोटाखालनं बघायचं? बघा, मी दोरी आखूड धरते. ए, हुबी ऱ्हा गं, हुबी ऱ्हा. — काय दिसलं? — केस गेलेत ते म्हाईत हाय की, तंग काचला आसंल, टांग्याच्या घोड्याला व्हतंच तसं. रोझीच्या बापाला बी दिसलं हुतं सुरवातीला, म्हनला, "अस्तर आनखी मऊ कर." केलं, आनखी एक घडी घातली. पुढं ही कुनाला हातच लावू देईना तितं, आन् अंग काळं, वरनं काय दिसतंय? — बघू, मी बघू? — अगं आई! हे काय? फोड हायत हे. फुटलेत, पानी गळतंय. तंगानं असं व्हतं व्हय?

तंग तो काय, खुंटीला हाय. — घ्या की. नवा हाय, चांगल्या कातड्याचा. आतलं अस्तर माझ्या हातचं. माझं नाताळचं लुगडं फाडून केलंय, म्हाईत हाय का? मी म्हनलं गोनपाट घेते, तर म्हंतो, "छ्या, तिला टोचंल, तुझं ते मऊ झालेलं घे." माझ्या अंगावर मऊ झालं हुतं ते, डाक्टर! ते हिच्या अंगाला. — काय चाचपताय? गाठ लागली? ते शिवनीचं आसंल. — न्हाई, उसवू नका! उसवू नका, म्हंते ना! माझी शिवन हाय ती, मी उसवते मागनं, तुमी दुसरं काय आसंल ते बघा, कान बघा, खूर बघा — अवो, कात्री ठेवा की खाली!

— उसवलंतच ना? बिबा हाय तो. बोला आता. व्हय, मीच घातला. — वरडू नका, भिंतीपलीकडं तो आइकतोय. आधी मी काय म्हंते ते आइका. समद्या टांग्यांना बिबा हाय, लिंबू हाय, काळा दोरा हाय, नजर लागू नये म्हनून. आमच्यात चालत न्हाई. पाद्रीसाहेब दर रविवारी ह्याच टांग्यातनं बेलापूरला उपासनेला जात्यात, घोडीच्या गळ्यात बिबा दिसला तर मंडळीतनं नाव काढतील, शांतवनची मान खाली जाईल. म्हनून मी असा घातला की कुनाला दिसू नये. शेजारच्या बनुबाईकडनं आनला, दाभनानं भोक पाडून काळ्या दोऱ्यात ओवला, दोन घड्यांच्या मदी धरून शिवला — बरुबर हिच्या काळजापाशी यील असा.

कुनाची नजर म्हंता? टेसनावरच्यांची? त्यांच्या नजरंला कोन भितंय! — माझी, डाक्टर. माझीच. ईस्टरच्या आधी एकदा हा मानूस तबेल्यात हुबा हुता, हिच्या कपाळाला कपाळ लावून, डोळे मिटून. नुस्ता हुबा. मी ताक घिऊन आल्ते त्याच्यासाठी. बघितलं न् माझ्या तोंडातनं गेलं, "मर एकदाची." मोठ्यानं न्हाई, व्हटातल्या व्हटात. आन् दुसऱ्या दिशी हिनं दाना सोडला. पोट फुगलं, लोळाय लागली. हा तिच्यापाशी भुईला बसलेला, ना भाकर ना पानी, त्वांड असं झालेलं की रोझी सासरी गेली तवा बी झालं नव्हतं. मग उठली ती, बरी झाली. पर मला कळलं न्हवं, नजर भाईरची न्हाई, नजर घरातच हाय. मी रोज बघनार, रोज जळनार, आन् कवातरी खरंच मरंल ही. मग त्याचं काय व्हईल? — तिला माझ्यापास्नं वाचवायला शिवला हो तो बिबा. वाईट करायला न्हाई शिवला.

— उतला? बिबा उतला व्हय? — त्याच्या तेलानं कातडं पोळलं, एवढ्या कापडातनं? — घामानं, न् तंगाच्या दाबानं... आन् भोक मीच पाडलं. तेल भाईर याया वाट मीच करून दिली. मला म्हाईत न्हाई व्हय बिबा उततो ते? आमच्या माहेरी टाचंला भेग पडली तर बिबा गरम करून लावायचे, केवढं जपून लावायचे. पर माझ्या डोक्यात नजर, नजर, नजर, दुसरं काय शिरंल तर ना! — आन् हे बोट... म्हंजे हे तव्याचं न्हाई. त्याच दिशी झालं की हे. शिवताना. मला एवढाले दिस ठनकतंय, आन् हिच्या तर उरावर आवळलेला, उन्हात, बेलापूरपातूर न् माघारी. आनखी एक घडी घाल म्हनला तवा मी वरनं शिवली, म्हंजे आनखीच आवळला. काय करावं हिनं? बोलता येत न्हाई, चावली. मला बोलता येतं तरी मी चावतेच की.

— खोबरेल? हाय की. थांबा, कोनाड्यात हाय, वाटी बी आनते. — न्हाई, तुमी नका, मी लावते. — चावली तर चावू दे. — ए, एस्तेर. बाई. थांब हं. थंड लागंल. — थरथरती कशी बघा. — न्हाई, कान न्हाई पाडले. बघा, माझ्याकडं मान आनली न् नुस्ती हुंगती. चांगलं चाव की गं, तुझा हक हाय. — किती लांब पापन्या हायत हिच्या. एवढ्या जवळनं मी कधी बघितलंच न्हाई हिला.

डाक्टर, एक आइका. त्याला काय सांगाल? तंग काचला म्हना. म्हना की, त्याला तसंच वाटतंय आधीपास्नं. अस्तर मी चुलीत घालते, बिब्यासकट. — न्हाई, बिबा जाळत न्हाईत, धूर बी उततो — पुरते कुठंतरी. दुसरं लुगडं फाडते, त्याच्यापेक्षा मऊ. तुमी फक्त तंग काचला म्हना. त्याला कळलं तर तो मारनार न्हाई मला, वरडनार बी न्हाई. नुस्ता बघंल माझ्याकडं, आन् उठून हितं यिऊन बसंल, आन् मग परत कधी घरात—

— अगं बाई, खाटंवरनं उठलात व्हय? या. अवो, न्हाई मारायची तिला, डाक्टर म्हंत्यात पिसाळली न्हाई, जखम हाय, बरी व्हईल. खरंच. मी खोबरेल लावत हुते. या, बघा तिला, तुमचीच वाट बघती. — तिकडं बघा की. माझ्याकडं काय बघताय? — काय? — बोट? — माझ्या बोटाला काय झालं म्हंता? — किती दिसांपास्नं बघताय तुमी? — मग इचारलं का न्हाई... आन् हात कशाला धरलाय, सोडा की, डाक्टर हायत. — डाक्टर, झालं न्हवं तुमचं काम? निघा तुमी. — निघा, म्हंते ना.